मिसळणाच्या डब्यातील हळद आणि बाटलीतील हळद

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



वर्षभरात संस्थेला मिळालेल्या देणग्यांचा तपशील माननीय सचिवांनी आताच आपणांपुढे ठेवला. न स्वीकारलेल्या एका देणगीविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आपल्या एका जुन्या हितचिंतकांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मोठ्या संख्येने विकत घेऊन सांधेदुखीच्या आणि मधुमेहाच्या गरीब रुग्णांना विनामूल्य वाटण्याची तयारी दर्शविली होती. हेतू निर्मळ होता, रक्कमही लहान नव्हती. तरीही आम्ही वैद्यकीय विभागातील सर्वांनी विचारविनिमय करून ती देणगी सविनय नाकारावी, अशी शिफारस विश्वस्त मंडळाकडे केली आणि मंडळाने ती मान्य केली. ते हितचिंतक आज सभागृहात उपस्थित आहेत. हा विषय सर्वांसमोर मांडण्यास त्यांनीच अनुमती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. "हळदीने कुणाचे वाईट झाले आहे काय?" असा सरळ प्रश्न त्यांनी मला विचारला होता. त्याला एका वाक्यात उत्तर देता आले नाही, म्हणून हे व्याख्यान.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी हळदीचा निंदक नाही. आपल्याकडे लग्न हळदीवाचून लागत नाही आणि वरण हळदीवाचून शिजत नाही. लहानपणी गुडघा फुटला की आईने चिमूटभर हळद दाबून धरलेली आपणा सर्वांना आठवते. जखमेवरील या उपयोगावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने १९९५ मध्ये एकस्व म्हणजे पेटंट मिळविले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. त्या विजयाचा अभिमान मला आहे. परंतु त्यात सिद्ध झाले ते एवढेच की, हे ज्ञान आपल्याकडे पूर्वापार होते. हळद कितीही खाल्ली तरी बाधत नाही, असे त्या लढ्यात कोणी म्हटले नव्हते आणि कोणी सिद्धही केले नव्हते. आपल्याकडे मात्र 'अर्ध्या हळकुंडाने पिवळे' होण्याची सवय जुनी आहे.

आता थोडा हिशेब मांडू. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन आणि त्याच्या सोबतची पिवळी द्रव्ये साधारणपणे शेकडा दोन ते पाच असतात. विदर्भातील समुद्रपूर तालुक्याची वायगाव हळद किंवा वाशिमच्या पलीकडील वसमतची हळद यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वायगावच्या हळदीची ख्याती तर कर्क्युमिन अधिक असल्याबद्दलच आहे. तरीही कोणत्याही हळकुंडाचा बहुतांश भाग पिठूळ आणि तंतुमय पदार्थांचाच असतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने हळदीच्या दुधाचा सल्ला दिला, तेव्हा प्रमाण सांगितले होते ते दीडशे मिलिलिटर दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एकदा किंवा दोनदा. अर्ध्या चमच्यात दीड ग्रॅम हळद धरली, तर कर्क्युमिन पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास भरते.

बाजारातील कॅप्सूलची बाटली घ्या. तिच्यावर बहुधा 'पाचशे मिलिग्रॅम, पंचाण्णव टक्के अर्क' असे लिहिलेले असते. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये पावणेपाचशे मिलिग्रॅम कर्क्युमिनवर्गीय द्रव्य. दिवसाला दोन घेतल्या, तर ते जवळजवळ दहा सपाट चमचे हळदीएवढे होते. दहा चमचे हळद घातलेली भाजी आपल्या घरात कोणी तोंडात धरणार नाही. जीभच आपल्याला आवरते. कॅप्सूलला चव नाही, म्हणून जिभेचा पहारा तेथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अन्नातील कर्क्युमिनची रोज आयुष्यभर घेण्यास निर्धोक मर्यादा वजनाच्या दर किलोमागे तीन मिलिग्रॅम ठरविली आहे. पन्नास किलो वजनाच्या बाईसाठी ती दीडशे मिलिग्रॅम होते. मर्यादा ओलांडली की लगेच विषबाधा होते, असा याचा अर्थ नाही. चाचण्यांमध्ये याच्या कितीतरी पट मात्रा थोडे दिवस दिल्या गेल्या आणि बहुतेकांना जुलाब, मळमळ किंवा पोटात जळजळ यापलीकडे काही झाले नाही. बहुतेकांना म्हणजे सर्वांना नव्हे, आणि आम्हां डॉक्टरांची झोप उडते ती उरलेल्यांमुळे.

दुसरा भाग मिऱ्याचा. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे शिरते. बहुतांश तसेच बाहेर पडते, आणि घरच्या हळदीच्या निरुपद्रवीपणाचे हे एक कारण आहे. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखविले की, कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील पिपेरिन दिल्यास माणसाच्या रक्तात त्याचा शिरकाव वीस पटींनी वाढतो. हे संशोधन आपल्याच देशातील आणि उत्तम दर्जाचे. त्याचा व्यापारी उपयोग झाला नसता तरच नवल. आज अनेक बाटल्यांवर मिऱ्याचा अर्क घातल्याचे अभिमानाने छापलेले असते. शरीराने जे दार मुद्दाम किलकिले ठेवले होते, ते सताड उघडण्याचा हा प्रकार. शिवाय त्याच दाराने इतर औषधेही आत घुसतात. फिट्सवरील फेनिटॉइन, दम्यावरील थिओफिलिन, रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल यांचे रक्तातील प्रमाण पिपेरिनमुळे वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे.

आता यकृताकडे वळतो. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणारे एक मोठे जाळे अमेरिकेत आहे. तेथील तज्ज्ञांनी २०२२ मध्ये हळदीशी निगडित दहा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहाही रुग्ण २०११ नंतरचे आणि त्यांतील सहा २०१७ नंतरचे. आठ स्त्रिया होत्या. पाच जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. ज्या सात बाटल्या तपासता आल्या, त्या सर्वांत हळद होती आणि तीन बाटल्यांत मिऱ्याचे सत्त्वही होते. सर्वांत लक्षणीय बाब अशी की, दहांपैकी सात जणांच्या पेशींवर एकच विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. हिरव्या चहाच्या अर्काने ज्यांचे यकृत बिघडते, त्यांच्यातही हीच खूण अधिक आढळते. म्हणजे हे संकट प्रत्येकावर येणारे नाही. ते मूठभर लोकांच्या रक्तातच दबा धरून बसलेले असते आणि आपण त्या मुठीत आहोत की नाही, हे कोणालाच आधी ठाऊक नसते. इटलीत २०१९ मध्ये असे रुग्ण आढळल्यावर तेथील आरोग्य मंत्रालयाने वेष्टनांवर धोक्याची सूचना छापण्यास सांगितले. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये जनतेला सावध करणारे पत्रक काढले.

"ही परदेशची कौतुके, आपल्या माणसांना हळद अंगवळणी पडलेली आहे," असे कोणी म्हणेल. अंगवळणी पडली आहे ती भाजीतली. आणि 'वनस्पती म्हणजे निर्धोक' या समजुतीचा फटका महाराष्ट्रानेही पाहिला आहे. करोनाच्या पहिल्या वर्षी, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, मुंबईत गुळवेलीचे काढे घेतलेल्या सहा जणांना तीव्र यकृतदाह झाल्याचे डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, वाद झाला. पुढे देशातील अनेक केंद्रांनी मिळून तशाच आणखी रुग्णांची नोंद केली. ती गोष्ट गुळवेलीची होती, हळदीची नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या रुग्णांनीही काढा सुरू करताना डॉक्टरांना विचारले नसणार, कारण विचारण्यासारखे त्यात काही आहे असे कोणालाच वाटत नव्हते.

आपल्याच बाह्यरुग्ण विभागातील एक प्रसंग सांगतो. घाटाखालच्या एका गावातील आजीबाई थकवा आणि अन्नावरची वासना उडाल्याची तक्रार घेऊन आल्या. रक्ततपासणीत यकृताची विकरे बरीच वाढलेली. कावीळ नुकतीच डोळ्यांत दिसू लागलेली. संसर्गजन्य काविळीच्या तपासण्या निर्दोष निघाल्या. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या अनेक वर्षांच्या, त्यांत बदल नाही. आम्ही दोनदा विचारले, दुसरे काही औषध घेता का? आजीबाईंनी दोनदा ठाम नकार दिला. तिसऱ्या दिवशी आमच्या सिस्टरांनी त्यांच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढताना कॅप्सूलची बाटली बाहेर आली. नातवाने गुडघ्यांसाठी शहरातून पाठविलेली, तीन महिन्यांपासून चालू. आजीबाईंना राग आला. "ते कुठचं औषध जी डॉक्टरसाहेब, हयदच त हाये ते!"

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. आम्ही औषध विचारले होते, हळद विचारली नव्हती. कॅप्सूल बंद केल्या, दोन महिन्यांत विकरे पूर्वपदावर आली. ती हळदीमुळेच वाढली होती, असे मी शपथेवर सांगणार नाही. तशी खात्री करायची तर पुन्हा तीच कॅप्सूल देऊन पाहावी लागेल, आणि ते कोणी करू नये. आणखी एक गंमत लक्षात आली. काविळीचे निदान झाल्याबरोबर घरच्यांनी त्यांच्या वरणातली चिमूटभर हळद, ती पिवळी म्हणून, तात्काळ बंद केली होती. बाटली मात्र उशाशी होती.

यकृताखेरीज इतर बाबीही आहेत. हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. त्यांची मात्रा ठरविण्यासाठी वारंवार रक्त तपासून एक विशिष्ट आकडा पाहिला जातो. तो बहुतेकांत दोन ते तीनच्या दरम्यान, झडपवाल्यांत किंचित अधिक ठेवतात. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. हळदीचे पूरक सुरू केल्यावर काही आठवड्यांतच त्याचा आकडा दहाच्या वर गेला होता. त्या स्थितीत साधा दात काढतानाही रक्त थांबत नाही. म्हणून शस्त्रक्रिया ठरली असल्यास दोन आठवडे आधी अशा कॅप्सूल बंद कराव्यात, असे आम्ही सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर अनपेक्षितपणे उतरण्याची शक्यता असते. पित्ताशयात खडे असतील, तर कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावते आणि कळ उठू शकते. गरोदर स्त्रियांनी जेवणातील हळदीपलीकडे जाऊ नये.

रक्तक्षयाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. कर्क्युमिन लोहाला धरून ठेवते आणि ते रक्तात शोषले जाण्यात अडथळा आणू शकते. २०१९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात संधिवातासाठी रोज सहा कॅप्सूल घेणाऱ्या एका रुग्णाची हकीकत आली. त्याला रक्तक्षय झाला होता आणि कॅप्सूल थांबविल्यावर तो सुधारला. एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील शेकडा चोपन्न स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. आपण एका हाताने त्यांना लोहाच्या गोळ्या देणार आणि दुसऱ्या हाताने ते लोह अडविणारे द्रव्य, हे कसे जमावे?

देणगी नाकारण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र आपल्या जिल्ह्याच्या मातीतच आहे. घाटावरच्या मंडळींना कदाचित त्याची तेवढी झळ नसेल. परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा म्हणजे काय, हे जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव आणि नांदुरा या तालुक्यांतून आलेल्यांना सांगावे लागणार नाही. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकाराने घरटी माणसे गेल्याच्या तक्रारी अनेक वर्षे ऐकू येत आहेत. त्या विकाराची कारणे हा स्वतंत्र विषय आहे, त्यात मी आज शिरत नाही. हळदीच्या चूर्णात ऑक्झलेट भरपूर असते आणि त्यातील बहुतांश पाण्यात विरघळणारे असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना रोज पूरकाच्या मात्रेत हळद दिली, तेव्हा त्यांच्या लघवीतील ऑक्झलेट वाढले. मुतखडे बहुतांशी याच द्रव्याचे असतात. येथे दोष कर्क्युमिनचा नाही, चूर्णाचा आहे. शुद्ध अर्कात ऑक्झलेट कमी असते. म्हणून 'कॅप्सूल नको, तर आम्ही रोज चमचाभर पूड पाण्यातून फाकतो' असे म्हणणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ज्यांची मूत्रपिंडे आधीच कमकुवत आहेत आणि कित्येकांना ते माहीतही नाही, अशा लोकांत एखादी वस्तू सरसकट वाटणे आम्हांला धजावले नाही.

चांगल्या वस्तूचाही अतिरेक कसा बाधतो, हे शेगाव तालुक्याने अलीकडेच अनुभवले आहे. २०२४ च्या डिसेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत तेथील गावांमध्ये लोकांचे केस काही दिवसांतच गळून पडले. पुष्कळांना टक्कल पडले, मुलींनी शाळेत जाणे सोडले. विंचूदंशावरील कार्यामुळे सर्वपरिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण पुष्कळ वाढलेले असल्याचे सांगितले आणि शिधावाटपातील गव्हाकडे बोट दाखविले. गव्हाविषयी मतभेद झाले. सेलेनियम हे विष म्हणून कोणी जन्माला घातलेले नाही, शरीराला ते अत्यल्प प्रमाणात लागतेच.

आपल्याकडील आयुर्वेदाचार्य सहकाऱ्यांशीही आम्ही बोललो. त्यांचे मत आमच्याहून वेगळे नव्हते, किंबहुना अधिक कडक होते. हरिद्रा हे द्रव्य आहे, त्याला मात्रा आहे, अनुपान आहे, प्रकृतीचा विचार आहे. शीतपित्तावर हरिद्राखंड देताना वैद्य रोग्याची नाडी पाहतो, किती दिवस द्यायचे ते ठरवितो. कारखान्यात एक द्रव्य वेगळे काढून बाटलीत भरणे आणि ते जन्मभर घेत राहणे, याला आयुर्वेद म्हणू नका, असे त्यांनी मला बजावले. मग उपयोग तरी कितपत? गुडघेदुखीत काही छोट्या चाचण्यांमध्ये थोडा आराम आढळला आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. ज्यांचे यकृत, मूत्रपिंड ठीक आहे आणि ज्यांना इतर औषधे नाहीत, अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे घेऊन पाहण्यास माझी ना नाही. बाकी जाहिरातींत कर्करोगापासून विस्मरणापर्यंत जी वचने दिलेली असतात, ती 'पी हळद, हो गोरी' या जातीची आहेत.

श्रोत्यांकडून काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांची उत्तरे देऊन थांबतो.

पहिली चिठ्ठी: रात्रीचे हळदीचे दूध बंद करावे काय? मुळीच नाही. स्वयंपाकातील हळदही कोणी कमी करू नये, काविळीच्या रुग्णानेही नाही. हळद मात्र खात्रीची असावी. रंग खुलविण्यासाठी शिशाचे क्रोमेट मिसळण्याचा प्रकार भारतीय उपखंडात अनेक ठिकाणी उघडकीस आला आहे. आपल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून अखंड हळकुंडे घेऊन दळून आणता आली, तर उत्तम.

दुसरी: कॅप्सूल काही महिन्यांपासून चालू आहेत, काही त्रास नाही, तर काय करावे? बाटली घेऊन या, इतर औषधांशी ताडून पाहू आणि यकृताची तपासणी करून घेऊ. परदेशातील बहुतेक रुग्णांत त्रास सुरू केल्यापासून एक ते चार महिन्यांत दिसला होता. लघवी गडद होणे, डोळे पिवळे होणे, अंगाला खाज सुटणे, भूक मरणे यांपैकी काहीही आढळले, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवा, भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. कोणत्याही औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाची त्यासाठी १८००-१८०-३०२४ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

तिसरी चिठ्ठी नाव न लिहिता आली आहे, परंतु अक्षर माझ्या ओळखीचे आहे. देणगी नाकारली, तर ती दुसऱ्या कशासाठी देता येईल, असे विचारले आहे. आजीबाईंच्या प्रसंगानंतर आम्ही नोंदणीच्या कागदावर एक रकाना वाढविला आहे: 'औषधाव्यतिरिक्त काढा, चूर्ण, कॅप्सूल, पुडी काही घेता का?' सिस्टर तो प्रत्येकाला वाचून दाखवितात आणि पिशवी उघडून दाखविण्याची विनंती करतात. त्यातून जे रुग्ण निवडले जातात, त्यांच्या यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासणीचा खर्च सध्या गरीब रुग्ण निधीतून होतो, आणि तो निधी दर वर्षी मार्चपूर्वीच आटतो. खारपाणपट्ट्यातील गावांसाठी महिन्यातून एकदा हीच तपासणी जागेवर जाऊन करावी, असा प्रस्ताव प्रयोगशाळेने मंडळाकडे दिलेला आहे. त्याची प्रत कार्यालयात पाहावयास मिळेल.